बोट पोचेल तिथपर्यंत

कड मिस्त्री पांढरे कपडे घालून इंजिन खोलायचे. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्याला पांढरी टोपी, आणि हे सगळं संध्याकाळी सकाळइतकंच स्वच्छ. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, हे शेडचे मालक असतील, मिस्त्री आतून कुठून तरी येईल. मग हेच गृहस्थ लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचे आणि दोन तासांनी कोपरापर्यंत काळे हात घेऊन वर यायचे. शर्टावर एक ठिपका नसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काळं हाताला लागाय पायजे. अंगाला लागलं म्हंजी कामात ध्यान न्हाई."

त्यांची शेड कुरुळीत, हमरस्त्यापासून थोडी आत, घराला लागूनच होती. एके काळी तिथे त्यांचं शेत होतं. आता तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला भावकीनं कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या. भावकीतले लोक खोल्या भाड्यानं देऊन निवांत झाले होते. मिस्त्रींनी मात्र आपल्या तुकड्यावर पत्र्याची शेड उभी केली आणि तिच्यात फक्त म्हाताऱ्या गाड्या घेतल्या. एखादा नवी कोरी गाडी घेऊन आला की त्याला दारातूनच वाट दाखवायचे. "हिला मिस्त्री लागत न्हाई भाऊ, कॉम्पुटर लागतो. माझ्याकडं न्हाई."

त्यांचं खरं काम गाळ काढण्याचं. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं तेल तापतं, निवतं, त्यात धूर आणि पाण्याचा अंश मिसळतो, आणि तूप कढवल्यावर तळाला बेरी बसावी तसा काळा गाळ खाली बसतो. इंजिनाच्या पोटाशी तेलाची परात असते, तिला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्या चेंबरात हा गाळ बोट-बोट जाड साचतो. आजकाल असा गाळ काढायला बाटलीतलं औषध मिळतं. ते तेलात ओतायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, सगळं काळं पाणी खाली सोडून द्यायचं, की झालं. कड मिस्त्रींना त्या बाटलीचा मनस्वी राग होता.

एकदा पुण्याहून एक बिल्डर आपली उघड्या टपाची जुनी गाडी घेऊन आला. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि हा आला होता शुक्रवारी. त्याला घाई होती. औषधाची बाटलीसुद्धा तो घरूनच घेऊन आला होता. मिस्त्रींनी ती बाटली हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, "तुमचं वडील हायत का?"

"आहेत. का?"

"वय काय?"

"ब्याऐंशी."

"त्यांला जुलाबाचं औषध देऊन रविवारी शर्यतीला पळवताल का?"

बिल्डरला काही कळेना. मग मिस्त्रींनीच त्याला समजावलं. औषधानं गाळ सुटतो खरा, पण सगळा बाहेर पडत नाही. सुटलेल्या गाळाचे लपके तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की वर तेल चढत नाही, आणि तेल नाही म्हटल्यावर बेअरिंगं कोरडी फिरून जळतात. "गाळ बसल्या जागी असतो तवर म्हातारा चालतो. अर्धा हालवला की मेला. काढायचा तर हातानं, सगळा. न्हाई तर शिवायचं न्हाई." बिल्डर तणतणत निघून गेला. मिस्त्रींनी त्याची बाटली खिडकीत ठेवून दिली, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवून हा किस्सा सांगितला. मी तो निदान सहा वेळा ऐकला असेन.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती आमच्या अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये जन्म काढलेले. त्यांच्या एका साहेबानं गाव सोडताना आपली पन्नासच्या दशकातली इंग्रजी गाडी अप्पांना दिली. काळेवाडीच्या आमच्या गल्लीत ती सायरंगाची गाडी शिरली तेव्हा लोकांनी नव्या नवरीसारखी पाहिली. अप्पांचा जीव त्या गाडीच्या इंजिनात होता. पत्रा बदला, टप बदला, पण इंजिन मूळचं राहिलं पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट. हे इंजिन त्यांनी कड मिस्त्रींशिवाय कुणाला हात लावू दिलं नाही.

मिस्त्रींच्या शेडमध्ये एक रिवाज होता. चेंबर उतरवून, रॉकेलनं धुऊन, पुसून ते एका लाकडी टेबलावर ठेवायचे आणि गाडीच्या मालकाला बोलवायचे. मालकानं आपलं बोट त्या चेंबरात वाटेल तिथं फिरवायचं आणि मग पांढऱ्या फडक्याला पुसायचं. फडकं पांढरंच राहिलं तर चेंबर गाडीला चढणार. जरा जरी काळं उमटलं तरी पुन्हा धुणं. लहानपणी मी बरोबर असले की अप्पा आपल्यामागून माझंही बोट फिरवायला लावायचे. आणि निघालेला गाळ ते एका काचेच्या बरणीत भरून, वर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून त्याच्या हातात द्यायचे. "तुमच्या गाडीचं पाप हाय. घरी ठेवा, म्हंजी तेल येळेवर बदलायची आठवण ऱ्हाईल." अप्पांनी अशा तीन बरण्या जमवल्या होत्या. त्या आमच्या शोकेसमध्ये, माझ्या बक्षिसाच्या कपाशेजारी ठेवलेल्या असायच्या, आणि येणारे पाहुणे विचारायचे की हे कसलं लोणचं.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि चाकणला वंगणतेलाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. दिवसभर तेलाचे नमुने तपासायचे, एवढंच माझं काम. तेव्हा मला जरा शहाणपणा आला होता. एका शनिवारी मी प्रयोगशाळेतून चार बाटल्यांत तेल घेऊन मिस्त्रींकडे गेले. बाटल्यांवर फक्त आकडे होते. म्हटलं, "मिस्त्री, ओळखा बरं."

त्यांनी एकेका बाटलीतला थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एकेक थेंब सोडला आणि चहा होईपर्यंत थांबले. डाग पसरल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "हे ट्रकचं. हे बी डिझेलच, पन ट्रॅक्टर. ह्येच्यात पानी गेलंय. आन् हे चौथं तुमी कोरं आनलंय मला फसवाय." चारही बरोबर. आमच्या यंत्रांना त्याच कामाला अर्धा दिवस लागला होता. मी कंपनीत जाऊन हे सांगितलं तर सगळे हसले. मी मात्र त्या दिवसापासून आमच्या अहवालांपेक्षा त्यांच्या अंगठ्यावर जास्त विश्वास ठेवायला लागले.

फडक्यांची गोष्ट तर अप्पा लग्नकार्यातसुद्धा सांगायचे. मिस्त्री काम सुरू करताना सात फडकी मोजून घ्यायचे आणि चेंबर चढवण्याआधी सात मोजून खुंटीला लावायचे, कारण एखादं आत राहिलं तर इंजिन गेलंच. एकदा आमची गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिस्त्री दारात हजर. कुरुळीहून बस बदलत काळेवाडीला आलेले, हातात पान्यांची पिशवी. "अप्पा, सहाच भरत्यात. काल मोजाय चुकलो असंन. गाडी चालू करू नगा." अप्पा सांगत होते की काल बोट फिरवताना आत काही दिसलं नाही, पण मिस्त्री ऐकेनात. गल्लीत गोणपाट पसरून ते गाडीखाली शिरले. सगळं तेल काढलं, चेंबर उतरवलं, जाळी पाहिली, आत काही नाही. पुन्हा सगळं चढवलं तेव्हा एक वाजला होता. आईनं जेवायला बसवलं तर म्हणाले, माझी भाकरी हाय. पिशवीतून भाकरी काढली, आणि ती सातव्या फडक्यात गुंडाळलेली होती. कडकाकूंनी धुतलेलं फडकं समजून बांधून दिली होती.

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. मिस्त्री ते फडकं मांडीवर पसरून हातानं सारखं केलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता झोप लागंल."

हे सगळं मी एवढं रंगवून का सांगते आहे, तर मला अजून पटत नाही म्हणून. ज्या माणसानं एका फडक्यासाठी अर्धा दिवस रस्त्यावर झोपून काढला, त्याच माणसानं मला फसवलं. चुकून नाही. विचार करून, माप घेऊन फसवलं.

अप्पा गेले तेव्हा गाडी बरेच दिवस बंद होती. दवाखान्यात शेवटी शेवटी ते दोनच गोष्टी बोलायचे. आईला जप, आणि इंजिन मिस्त्रींकडून धुऊन घे, मग चालव. वर्षश्राद्ध झालं आणि मी गाडी टेम्पोवर घालून कुरुळीला नेली. मिस्त्री सत्तरीच्या पुढे गेले होते. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि मीच रडायला लागले.

"ह्यो म्हातारा माझाच हाय," ते म्हणाले. "अप्पांला शबुद दिलाय म्या. आठ दिसांनी या."

आता मागे वळून पाहते तेव्हा सगळं दिसतं. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या आणि फळ्यांवर धूळ होती. तेलाचे डाग पाडलेले कागद ते ज्या तारेवर वाळत लावायचे, तिच्यावर एकही कागद लटकत नव्हता. चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं उचलला. मी तेल तपासणारी बाई, थेंबावरून इंजिनाची तब्येत सांगणारी, आणि माझ्या नाकासमोरचं मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी विचारलं नसतं. कड मिस्त्रींना काय विचारायचं?

आठ दिवसांनी गेले तर चेंबर गाडीला चढवलेलं. मी थबकले. मिस्त्री लगेच म्हणाले, "शेजारी कंपनीचं खोदकाम चाललंय, धुरळा लय. उघडं ठिवून चालंना. खालच्या नटाच्या भोकातनं बघा की, तेवढंच हाय." गाडी जॅकवर उचललेली होती. मी खाली वाकले, तेल सोडायच्या भोकात बोट घातलं, जाईल तेवढं फिरवलं आणि फडक्याला पुसलं. फडकं पांढरं होतं. मिस्त्रींनी माझ्या हातात बरणी दिली, वर चिठ्ठी: माझं नाव. अप्पांच्या नावाऐवजी पहिल्यांदा माझं. मला पुन्हा भरून आलं. त्यांनी तोंड फिरवलं, आणि मला वाटलं त्यांनाही भरून आलंय.

ती चौथी बरणी मी अप्पांच्या तीन बरण्यांशेजारी ठेवली.

दोन महिने गाडी छान चालली. दसऱ्याला हार घालून, आईला शेजारी बसवून मी मोशीच्या बाजूला निघाले. चढावर ऑइलचा काटा एकाएकी खाली बसला. मी गाडी कडेला घेईपर्यंत आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचे दोन-तीन ठोके आले, मग एक मोठा आवाज आणि खाली रस्त्यावर तेलाचं थारोळं. आईनं माझा दंड घट्ट धरला होता. तिनं हळूच विचारलं, "अप्पांचं इंजिन गं?"

गाडी चिंचवडच्या एका जाधव मेकॅनिककडे ओढून नेली. मिस्त्रींना बोलवावं, असं मी म्हणत होते, पण ते फोन उचलत नव्हते. जाधवांनी चेंबर उतरवलं आणि मला आत बोलावलं. आतला दांडा तुटून इंजिनाच्या कुशीला मूठभर भोक पडलं होतं. ते इंजिन आता कशानंही उठणार नव्हतं. पण जाधव मला चेंबर दाखवत होते. चेंबरभर जाड काळा गाळ, काही जागचा, काही सुटून जाळीवर थापलेला.

"मॅडम, औषध ओतलंय ह्यात कुणीतरी. आणि हे बघा, गंमत."

तळाच्या भोकाभोवती एक गोल होता. लख्ख पुसलेला, चांदीच्या वाटीसारखा. त्याच्या कडेला गाळ सरळ तुटलेला, कुणी तारेला चिंधी बांधून भोकातून गोल गोल फिरवल्यासारखा. मी त्या भोकात खालून बोट घातलं. माझ्या बोटाचं टोक बरोबर त्या गोलाच्या काठाला टेकलं.

जाधवांनी विचारलं, "काय झालं, मॅडम?" मी बोट पुसून बाहेर आले. मला तिथं उभं राहवेना.

सोमवारी मी चौथी बरणी प्रयोगशाळेत नेली. आमची गाडी पेट्रोलवर चालणारी. बरणीतला गाळ मी कागदावर टिपला, यंत्रावर चढवला. काजळी डिझेलची होती, ट्रॅक्टरच्या इंजिनातली. म्हणजे माझ्या नावाची चिठ्ठी लावून त्यांनी मला दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा गाळ दिला होता, आणि मी तो अप्पांच्या शेजारी मांडून ठेवला होता. त्या गाळाला दसऱ्याच्या सकाळी आईनं हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं. मला इंजिनाचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढा त्या हळदकुंकवाचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कुरुळीला गेले. शेडला कुलूप होतं. मिस्त्री घरापुढं बाजेवर बसले होते, नेहमीच्या पांढऱ्या कपड्यांत. कडकाकू चहा ठेवायला आत गेल्या. मी बरणी बाजेवर ठेवली आणि म्हटलं, "इंजिन गेलं, मिस्त्री. जाधवांकडे चेंबर खोललं. मी गोल बघितला."

त्यांनी नाकारलं नाही. ते नाकारतील अशी मी सगळ्या वाटेत तयारी करून आले होते, तिचं काही कामच पडलं नाही.

"खांदा गेलाय," ते म्हणाले. "वरीस झालं. हात वर जात न्हाई. खड्ड्यात झोपून चेंबर पेलत न्हाई मला."

"मग नाही म्हणायचं होतं."

"न्हाई म्हनलो असतो तर तुमी दुसऱ्याकडं नेली असती."

"नेली असती. वाचली असती."

"व्हय. अप्पांची गाडी दुसऱ्याच्या हातात बघवली नसती."

"कुणाला तरी खड्ड्यात उतरवायचं, तुम्ही वर बसून सांगायचं."

"माझ्या खड्ड्यात?" हे मात्र त्यांनी असं विचारलं की जणू मीच काहीतरी अमंगळ बोलले. "ताई, मला वाटलं औषधानं निघंल बराच. जुलाब तर जुलाब. दोन म्हयनं तुमचा फोन आला न्हाई, मला वाटलं निभलं."

"आणि गोल?"

त्यांनी मान खाली घातली. "तुमचं बोट ठावं हाय मला. ल्हान असल्यापासून बघतोय."

ते हे मायेनं बोलले, हेच मला सोसवलं नाही. चिडून बोलले असते तर भांडता आलं असतं. माझ्या लहानपणापासूनचा तो हात त्यांनी लक्षात ठेवला होता, आणि त्याचा उपयोग केला तो असा. मी विचारलं, "अप्पांच्या वेळी?"

ते एकदम सरळ बसले. "अप्पांच्या येळेला न्हाई. गळ्याची आन. तुमच्याकडं तीन बरन्या हायत, तुमच्याकडं मशीन हाय. तपासा."

वर्षापूर्वी हे वाक्य त्यांना उच्चारावं लागलं नसतं आणि मला ते ऐकावं लागलं नसतं. त्या तीन बरण्या अजून आमच्या शोकेसमध्ये आहेत. तपासायला माझी एक दुपार पुरेल. आई कधी कधी विचारते, त्या बघितल्यास का. मी म्हणते, बघेन. त्यांचं बोलणं खरं निघेल, असं मला नव्याण्णव टक्के वाटतं. पण अप्पा एका टक्क्याच्या संशयातही राहू नयेत, एवढ्यासाठी मी झाकण उघडत नाही. मिस्त्रींनी माझं इंजिन घालवलं त्यापेक्षा हे जास्त घालवलं.

काकूंचा चहा मी घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातला चहा नको म्हटलं. उठले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बरनी ऱ्हाऊ द्या."

फाटकापाशी जाऊन मी मागे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. त्यांनी बरणीचं झाकण काढलं होतं. डाव्या हाताचं बोट आत घातलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. माझ्याकडे लक्ष नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. स्वतःशीच, पण फाटकापर्यंत ऐकू येईल असं म्हणाले, "ट्रॅक्टर." बरोबर होतं. मग बोट पुसायला त्यांनी बाजेवर इकडेतिकडे हात फिरवला, तर जवळ फडकं नव्हतं. थोडा वेळ ते बोट तसंच हवेत धरून बसले आणि मग त्यांनी ते आपल्या शर्टाला पुसलं.